कमलचा रुमाल

शुक्रवार पेठ, १० एप्रिल १९७३

कमलने आज गळ्याचा रुमाल सोडला. अजून तेच डोक्यात आहे.

मुंबईचे उपचार संपवून तिला घरी आणल्याला तीन महिने झाले. किरणांनी मानेची कातडी काळी पडली आहे. आईने गल्लीत टायफॉईड सांगितला, आणि या उन्हात रोज सकाळी रुमाल बांधत आले ती मी. धाकट्या बहिणीला जपते आहे, असे वाटायचे. जपत होते की लपवत होते?

संध्याकाळी मैंदर्गीची आत्या कडक भाकऱ्या घेऊन आली. कमलला निरखून म्हणाली, "टायफॉईडला गळपट्टा कशाला गं? मानेलाच ताप आलता व्हय?"

कमल हसली. रुमाल सोडून तिने खाली ठेवला. "टायफॉईड नव्हता, आत्या. कॅन्सर होता. आता बरी आहे. सोमवारी बी.ए.च्या पेपरला जाणार. अशीच."

आई घाईने म्हणाली, "यंदा राहू दे. पुढल्या वर्षी बसशील की."

आत्याने भाकरी दुधात कुस्करून वाटी कमलपुढे सरकवली. "आधी हे खा. रिकाम्या पोटी कसला पेपर?" कमलने अर्धी ठेवली. ती आत्याने त्याच वाटीतून संपवली. आई बघत राहिली. मीही.

आत्ता आई रुमाल शोधते आहे. मी त्याने स्टोव्ह पुसला. चांगला काळा झाला आहे. सोमवारी आईने मागितला तर तसाच हातात देईन.