बिननावाचा निरोप

३ नोव्हेंबर, सोमवार

स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू, आठवतील तशा: घराचं मागचं दार, बिजागऱ्यांसकट. विहिरीवरचा हातपंप. थोरलीचा पाळणा, त्यातच पुढे धाकटा वाढला. कामाचं बाक. घरचा मोठा रेडिओ. इथे बरोबर आणलेला हा लहान रेडिओ – डबा पत्र्याचा, चारही कोपरे घासून गोल केलेले, कुठे बोट कापणार नाही. आणि पुठ्ठा कापून त्याची खोकी दुमडणारं यंत्र, जे उभं करून देण्यासाठी आमच्या कारखान्याने मला तीन महिने परदेशी धाडलंय. शाळा सातवीपर्यंत. बाकी सगळं उघडून बघून शिकलो.

यादी करायला बसलो, कारण आज इथल्या मालकांनी ऑफिसात बोलावून विचारलं – इथेच राहता का? अशी आणखी यंत्रं करायची आहेत. पहिली दोन वर्षं एकट्याने राहायचं, मग घर देतील, कुटुंब आणायचं. पगार माझ्या आत्ताच्या पगाराच्या कितीतरी पट. दुभाष्याचं काम कारकून करत होता. घरी मी ‘मिस्त्री’. इथे कारकुनाच्या तोंडून ‘इंजिनिअर साहेब’ आलं. त्याने मनाने भर घातली असणार. मी काही दुरुस्त केलं नाही.

उत्तर महिनाअखेर हवंय. लगेच हिला पत्र टाकलं. पोहोचायला पंधरा दिवस, उलट उत्तर यायला आणखी पंधरा – म्हणजे उशीरच. म्हणून लिहिलं, उत्तर रेडिओवर दे. आपल्याकडचं परदेश केंद्र दर रविवारी संध्याकाळी घरच्यांचे निरोप वाचतं, एका पोस्टकार्डाचं काम. थोरलीकडून लिहून घेऊ नकोस, तूच लिही. नोकरीचं नाव काढू नकोस, गल्लीभर होईल. नुसतं राहा किंवा या, एवढं कळव.

माझा कल राहण्याकडे आहे. तेही लिहिलं.

९ नोव्हेंबर, रविवार

एरियलची तार खिडकीतून समोरच्या खांबापर्यंत नीट ताणून बांधली होती. संध्याकाळी बघतो तर घरमालकिणीने तिच्यावर मोजे वाळत घातलेले! खाली जाऊन हातवाऱ्यांनी समजावलं. तिने मान डोलवली आणि वर एक चादर आणून घातली. दोरी मजबूत आहे, आणखी कपडे घाला म्हणतोय असं वाटलं असेल.

तरी केंद्र लागलं. आधी शिट्टी, मग खरखर, मग एकदम आपली भाषा – खोलीत कुणी आपलं माणूस शिरावं तसं झालं. भोंगाही येऊन बसला. भोंगा म्हणजे माझ्या खोलीतला वायरमन, आपल्याकडचाच. घोरतो म्हणून हे नाव. निरोप वाचणाऱ्या बाईंचा आवाज चांगला आहे, पण पान उलटताना माइकजवळ उलटतात. कुणीतरी सांगायला हवं.

आमच्या पत्राचं उत्तर इतक्यात येणं शक्य नव्हतं. पण निघताना हिला या कार्यक्रमाचं सांगून ठेवलं होतं, आज निदान खुशालीचा निरोप असेल वाटलं. बरीच नावं वाचली. माझं नाही. शेवटी एक गंमत. बाई म्हणाल्या, एका भगिनीने कार्डावर कुणाचंच नाव घातलेलं नाही, जसं आहे तसं वाचते: ‘ह्यांना कळवावं की मागचं दार करकरत होतं. तेल घातलं. आता करकरत नाही.’

भोंगा खो खो हसला. मीही. घर सोडून परदेशी यायचं आणि दार करकरत ठेवायचं! कसला माणूस असेल?

१२ नोव्हेंबर

यंत्राचा पाया पक्का झाला. पाणसळ ठेवून चारही बाजूंनी पाहिलं. बुडबुडा मधोमध. मालक खूश.

१६ नोव्हेंबर, रविवार

चादर काढली तर आवाज बारीक झाला. परत घातली, खणखणीत. ओल्या चादरीने एरियल सुधारते हे मला पटत नाही, पण कानाने ऐकलं. घरमालकिणीला खूण करून सांगितलं, राहू दे. ती अशी हसली, जणू मोठी वैज्ञानिक.

आजही आमचं नाव नाही. ती बिननावाची बाई मात्र पुन्हा: ‘ह्यांना कळवावं की पंप पाणी सोडत होता. वॉशर फाटला होता. चपलेच्या जुन्या चामड्याचा कापून बसवला. शेजारच्यांनी नाही, मीच.’

भोंगा म्हणाला, बाई पोचलेली दिसते. मी म्हटलं, बाई पोचलेली असेल, पण नवरा बिनकामाचा. दार करकरतं, पंप गळतो. माझ्या घरात अशी एक वस्तू दाखव.

१९ नोव्हेंबर

पत्र एव्हाना तिच्या हातात असेल.

जेवताना उगाच हिशेब मांडत बसलो – दोन वर्षांनी धाकटा किती उंच होईल? आत्ता बाकाच्या कडेपर्यंत येतो. मग ताट उचललं.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज उत्तर यायला हवं होतं. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीपासून रेडिओसमोर. काटा हलू नये म्हणून भोंग्याला चालूसुद्धा दिलं नाही. एकामागून एक नावं. प्रत्येक नावाआधी बाई श्वास घेतात, तेवढ्यात माझा श्वास अडकायचा.

नाव नाही.

आणि पुन्हा ती: ‘ह्यांना कळवावं की गल्लीतले दोन पंखे दुरुस्त करून दिले. हत्यारं तुमचीच वापरली. जागच्या जागी ठेवली आहेत.’

भोंगा आज हसला नाही. म्हणाला, “उस्ताद, वहिनी तुमचं नाव घेतात का हो?”

नाही घेत. लग्नाला वीस वर्षं झाली, मला ‘अहो’ सोडून दुसरी हाक ठाऊक नाही. पाकिटावरचा पत्ताही थोरलीच लिहिते.

“मग कार्डावर कशा घालतील? माझी बायको ‘ऐकलंत का’ म्हणते. रेडिओवरून ‘ऐकलंत का’ पुकारलं तर निम्मा परदेश उठून उभा राहील.”

मी म्हटलं, ते ठीक, पण माझं दार करकरत नाही. मी स्वतः केलंय ते. भोंगा म्हणाला, बरं, आणि झोपायला गेला. बरं या शब्दात त्याने काय काय भरलं होतं, मी ओळखलं.

२४ नोव्हेंबर

माझं दार करकरत नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

यंत्र पहिल्यांदा चालू केलं. मालक, कारकून, सगळे कामगार भोवती. पुठ्ठा आत गेला, कापला, दुमडला, खोकं होऊन बाहेर. टाळ्या. आणि टाळ्या थांबल्या तेव्हा सगळ्यांना ऐकू आलं – डावीकडचा बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ते कडं, करकरत होता.

माझा बुश. मी स्वतः कातलेला, स्वतः बसवलेला. प्रवासात वंगण सुकलं, एवढंच. तेलाचा एक थेंब, आणि गप्प. कुणाला त्याचं काही वाटलं नाही, मालकांनी तर मला मिठी मारली. पण मी तिथेच तेलाचा डबा हातात धरून उभा राहिलो. घरून निघून दोन महिने झाले. दाराला शेवटचं तेल कधी घातलं होतं? पंपाचा वॉशर कधी बदलला होता? मी केलेली वस्तू म्हणून ती काय जन्मभर माझी वाट बघत बसणार?

दार आमचं. पंप आमचा. पंखे गल्लीतले म्हणजे आमच्या गल्लीतले.

तीन रविवार ही माझ्याशी बोलत होती आणि मी तिच्या नवऱ्याला नावं ठेवत होतो.

२७ नोव्हेंबर

भोंग्याला सांगितलं. तो म्हणाला, नवरा बिनकामाचा, हे तुमचेच शब्द. आता दोन दिवस हेच चालणार. चालू दे. मला राग येत नाही, उलट कामावर शीळ घालत होतो असं कारकून म्हणाला.

एक मात्र डोक्यातून जात नाही. ही पंखे दुरुस्त करते? केव्हा शिकली? मी बाकावर काम करताना ही समोर भाजी निवडत बसायची. भाजीकडे बघत असेल असं समजत होतो.

३० नोव्हेंबर, रविवार

चादर तारेवर घरमालकिणीने आपणहून घातली, ओली करून. जाताना मूठ वळून दाखवली. तिला कुणी काय सांगितलंय कोण जाणे.

रेडिओवरच्या बाईंनी सुरुवातीलाच हिचं कार्ड घेतलं. म्हणाल्या, या भगिनीचं हे चौथं कार्ड. नाव कळवा म्हणून आम्ही त्यांना लिहिलं होतं, त्यांचं उत्तर आलं – ज्यांचं त्यांना कळेल. मग वाचलं. मी शब्दन् शब्द उतरवून घेतला:

‘ह्यांना कळवावं की पत्र मिळालं. विचारलंत म्हणून सांगते. राहायचं ठरवलंत तर राहा. इथलं काही अडत नाही, मुलं मजेत आहेत, हाताला काम आहे. यायचं ठरवलंत तर माझ्या हाताला बसेल असा पाना आणा, तुमचे मोठे पडतात. आणि बाकाची खिडकीकडची बाजू मी घेतली आहे. ती परत मिळणार नाही.’

पान उलटल्याचा आवाज. पुढचं नाव.

राहा की या, एवढंच विचारलं होतं. तिने दोन्ही सांगितलं! भोंगा म्हणतो, यात काय कठीण आहे, वहिनी स्वतः म्हणतायत राहा, इथलं काही अडत नाही. अशी बायको मिळायला भाग्य लागतं, डोळे मिटून सही करा. त्याचं चूक नाही. हिच्या जिवावर घर निर्धास्त सोडता येईल हे आज मला पहिल्यांदा कळलं. महिन्याभरापूर्वी हेच कळलं असतं, तर त्याच दिवशी सही केली असती.

खिडकीकडची बाजू. उजेड तिकडूनच येतो. मी असतो तर मीही तीच घेतली असती.

उद्या उत्तर द्यायचंय.

१ डिसेंबर, सोमवार

आधी बाजारात जाऊन लहान पाना घेतला. मग मालकांकडे गेलो आणि नाही म्हणालो. पगार कमी वाटला असेल म्हणून त्यांनी दोनदा आकडा वाढवला. कारकुनाला वाटलं, त्याच्याच भाषांतरात काही चुकतंय; बिचाऱ्याने सगळं कागदावर लिहून दाखवलं. पाच वर्षांचा करार, हाताखाली बारा माणसं, इंजिनिअरचा हुद्दा, आणि आपल्या पैशांत महिना साडेअकरा हजार. त्याच कागदात पाना गुंडाळला आणि पुन्हा नाही म्हणालो – बाकाची दुसरी बाजू अजून माझी आहे.