गौरीची दोन वाक्यं

ती. सौ. सुलभाताईस,

उज्जैनहून श्रीनाथचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे बरे असतील असं धरून चालतो; नसतील तर हे बसून वाच, कारण पत्र लांबणार आहे. भाऊजींचा दमा, साताऱ्याची हवा आणि तुझी सून, तिघांचीही खुशाली कळव. इथे आम्ही दोघं धडधाकट आहोत. गौरी तर जरा जास्तच. (फोनवर सांगितलं असतं, पण फोन तिच्या हातात असतो आणि विषयही तीच आहे.)

मे महिन्यात उज्जैनच्या शहाण्या माणसाने कूलरसमोर बसावं आणि संध्याकाळी उठून दुसऱ्या कूलरसमोर बसावं, हे तुला माहेरचं म्हणून ठाऊक आहेच. पण फ्रीगंजातल्या आमच्या मराठी मंडळाने यंदा 'ग्रीष्मोत्सव' काढला. दर शनिवार-रविवारी काहीतरी: सकाळी शिप्रेकाठी चालणं, सायकली, चित्रकला, आणि शेवटच्या रविवारी बागेत उघड्यावर नाटक. (उन्हाळ्यात माणसांना घराबाहेर काढावं हे ज्याच्या डोक्यात आलं, त्याच्या घरी नक्की एसी असणार.) गौरीने सगळ्यांत नाव दिलं. तिचं दिलं तिथे माझंही दिलं.

पहिल्या शनिवारी सायकल. टावर चौकातून सगळे निघालो. माझ्या भाड्याच्या सायकलीला घंटी उत्तम होती, ब्रेक नव्हता. मी थांबलो तो थेट देवास गेटच्या बस स्टँडमध्ये, आगर गावाला निघालेल्या एका उभ्या बसला टेकून. मी दम खात होतो, तेवढ्यात कंडक्टरने "आगर? बैठो बाबूजी" म्हणत सायकल टपावर चढवलीसुद्धा. मला नाही म्हणायला श्वासच नव्हता. ती उतरवून मिळेपर्यंत मंडळाचे लोक शिप्रेवर जाऊन, पोहे-जलेबी खाऊन घरी पोचले होते.

त्यानंतर मला बसून करायचं काम द्यावं असं ठरलं आणि नाटकाचा पडदा माझ्याकडे आला. तो आपल्याच हाताने छापायचा, म्हणून दुसऱ्या शनिवारी भैरवगढला छपाई शिकायला नेलं. तिथे लाकडी ठप्पे रंगात बुडवून कापडावर मारतात. मी ओळीने कैऱ्या छापल्या, छान छापल्या, आणि कमर दुखली म्हणून मागे टेकलो ते दुसऱ्या ओल्या कापडावर. पांढऱ्या सदऱ्याच्या पाठीवर मोर उमटले. परतताना दोन बायकांनी सदरा कुठून घेतला म्हणून विचारलं. गौरीने त्यांना पत्ता दिला, पण चेहरा अगदी शिक्षा सुनावल्यासारखा.

आता मुद्द्याचं. नाटक यशोधन दामल्यांनी बसवलं होतं आणि नायकही तेच. (आमच्या गल्लीतले. बँकेतून निवृत्त झाल्यापासून दाढी ठेवली आहे आणि साध्या माणसाशीही थांबून थांबून बोलतात.) गौरी शेजारीण. तिची वाक्यं दोन. त्या दोन वाक्यांसाठी ती महिनाभर स्वयंपाकघरात पुटपुटत होती आणि मी "गॅसवर काही लागलंय का?" असं विचारत होतो.

रविवारी दिवेलागणीला नाटक सुरू झालं. मी विंगेत पडद्याचा बांबू धरून उभा. गौरी विरजण मागायला रंगमंचावर आली, आणि त्याच क्षणी आँधी आली. (तू उत्तरात 'वादळ' असं लिहून माझी भाषा सुधारशील. सुधार. पण उज्जैनला येते ती आँधीच.) पडदा सुटला आणि कैऱ्यांसकट यशोधनरावांना गुंडाळून पहिल्या रांगेत उतरला. त्यांना सोडवायला निम्मं मंडळ धावलं. वारा जसा आला तसा गेला, पण खुर्च्यांवरचे लोक उठायला लागले. मंचावर एकटी गौरी, हातात रिकामी वाटी.

मला वाटलं, आता ही रडणार. ताई, तिने महिनाभर किती वाट पाहिली होती ते मला तेव्हा दिसलं, त्याआधी नाही.

ती रडली नाही. तिने वाटी खाली ठेवली, मंचाच्या कडेला पाय सोडून बसली आणि समोरच्या बायकांना म्हणाली, "आमच्या ह्यांना विचारलं, भाजी कशी झालीय, तर म्हणतात 'आहे की'. भाजी आहे हे मलाही दिसतं." उठलेले लोक बसले. मग तिने मला पुरतं सोललं. मी बातम्यांशी भांडतो ते, चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतो ते, आणि ती माहेराहून आली की 'आलीस का' एवढंच म्हणतो ते. लोक पोट धरून हसत होते. मीही हसलो, आणि मग हसता येईना.

शेवटी ती विंगेकडे वळली. "अहो, या नाटकात माझी वाक्यं किती, माहीत आहे?"

"दोन," मी बांबूमागून म्हणालो.

"म्हणून दाखवा बरं."

सगळी बाग माझ्याकडे बघायला लागली. मला एकही येत नव्हतं. मी बांबू घेऊन तसाच पुढे आलो आणि म्हणालो, "येत नाही. तू म्हण, मी ऐकतो."

तिने दोन्ही म्हटली. फार चांगली म्हटली, ताई. टाळ्या बराच वेळ चालल्या. यशोधनरावांनी पडद्यातून बाहेर येऊन त्या आपल्याच समजून स्वीकारल्या. घरी येताना रिक्षात तिने विचारलं, "राग आला?" मी म्हणालो, "नाही. भाजी चांगली होती आजची." ती रिक्षाबाहेर बघून हसली. बाकी सर्व क्षेम. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा,
श्रीनाथ

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. हे नाटक आता इंदूरला करायचं ठरलंय, आणि त्यात शेजारणीच्या नवऱ्याचीही भूमिका घातली आहे. ती मीच करावी असं गौरी म्हणते. तू तिला स्पष्ट लिही की आपल्या घराण्यात पुरुष तोंडाला रंग लावत नाहीत. तुझं ती ऐकते.

ता. क. २. पाकीट चिकटवायचं आठवडाभर राहिलं ते बरं झालं. मी आढेवेढे घेतोय हे पाहून ती भूमिका टावर चौकातल्या चष्मेवाल्या अनिलरावांना दिली आहे. ते रोज तालमीला येतात. गौरीची दोन्ही वाक्यं त्यांना पाठ आहेत. वरचं काहीही लिहू नकोस. असं लिही की श्रीनाथ लहानपणी नाटकात फार सुंदर काम करायचा. खोटं आहे, पण तू मोठी आहेस, तुला कोण विचारणार. पत्र स्पीड पोस्टने पाठव.