पसंतीचे गाव

४ डिसेंबर १९५८
आला! इथिओपिया सरकारचा फॉर्म. शंकर आणि मी, दोघंही शिक्षक म्हणून मंजूर. तीन वर्षांचा करार. मुलांना नेता येईल. आणि पाचवा रकाना — पसंतीचे गाव. एकच नाव लिहायचं. फॉर्म वीस तारखेच्या आत मुंबईला पोचायला हवा.

शंकर म्हणाला, "अदिस अबाबा." मी म्हणाले, "हरार." तिथे मराठी माणूस औषधालाही नाही, म्हणूनच. जेवण गार झालं.

५ डिसेंबर
शंकरचा मित्र भाई दोन वर्षं अदिसला मास्तर आहे. त्याचं पत्र शंकर बायबलासारखं खिशात घेऊन फिरतो. तिथे एका गल्लीत अकरा मराठी बिऱ्हाडं. भारतीय शाळा. डॉक्टर. गणपतीसुद्धा बसवतात! दोन वर्षांत त्या देशाचे पाच शब्द भाईला येत नाहीत, हेही त्यानेच लिहिलंय — कौतुकाने. मग आमचं आचरा काय वाईट होतं? बोटीचे हाल कशाला? मी जातीच्या भिंती पाडा म्हणून गावोगाव ओरडले आणि परदेशात जाऊन भिंतीच्या आत राहू?

शंकर आवाज चढवत नाही. तेच त्याचं हत्यार. "आपण दोघं शाळेत. नीरजा येईल आपल्याबरोबर. बाबू अडीच वर्षांचा. अदिसला त्याला भाईची बायको सुगंधा सांभाळेल. हरारला कोण?"

मी आणखी मोठ्याने बोलले.

८ डिसेंबर
सासूबाईंचा — अक्कांचा — तोडगा: "देवाक इचारूया. उजवो कौल दिल्यान तर तुजा गाव, डावो दिल्यान तर शंकराचा." मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या विवेकावर बोलले. दहा मिनिटं तरी झाली असतील. अक्का म्हणाल्या, "सभेत बोल गो ह्यां सगळा. हंय कालवण करपता."

१० डिसेंबर
फॉर्म कोराच.

आणि देवाने कौल दिला — आमच्या फॉर्मला नव्हे, सगळ्या गावाला. गावपळण! परवा नाही तेरवा सगळा गाव वेशीबाहेर. माणसं, गुरं, कोंबड्या. तीन दिवस, तीन रात्री. मालवणच्या वाचनालयात या प्रथेविरुद्ध मी पाऊण तास बोलले होते. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी निम्मे आज झोपड्यांसाठी बांबू तोडतायत.

मी जाणार नाही. सांगून टाकलं.

"तू ऱ्हव हंयच," अक्का म्हणाल्या. "पोरांक मी घेवन जातंय."

१३ डिसेंबर
ढोल वाजला, गेले. नीरजा उड्या मारत. बाबू अक्कांच्या कडेवर, मागे वळूनही बघेना. शंकर म्हणाला, "मुलांबरोबर जातो." मी पुस्तकं काढून बसले.

दुपार. कुठे धूर नाही. कोंबडा नाही. वाटेवरून जाताना "काय गो, जेवलंस?" विचारणारं कोणी नाही — एरवी या प्रश्नाचा किती राग येतो मला! अंगणात उभी राहून हरारच्या बाजूचं भाषण म्हणून पाहिलं. उत्तम जमलं. कुणी खोकलंसुद्धा नाही. पहिल्या महिन्यात हरार असंच असेल. मी मोठी आहे, सोसेन. बाबू?

दिवस मावळायच्या आत कुलूप लावून निघाले. हरले म्हणायचं तर म्हणा.

वेशीबाहेर आमची झोपडी शोधून काढली. अक्का एवढंच म्हणाल्या, "पान वाढलेला आसा. बस."

१४ डिसेंबर
शेजारच्या झोपडीत खालच्या वाडीतली तुळसा. घरी अक्का तिला पायरीच्या वर येऊ देत नाहीत. आज अक्का तिच्याच पाट्यावर आमचा मसाला वाटत होत्या! आमचा पाटा घरी राहिला. मी म्हटलं, अक्का, हे कसं चालतं?

"पळणीत कसली गो शिवाशिव! थंय घराक भिंती आसत. हंय खंय आसत?"

भडकले मी. "मग परत गेल्यावर?" अक्का वाटत राहिल्या. तुळसा माझ्याकडे बघून हसली. ते हसू मला आवडलं नाही. दिवसभर डोक्यातून जात नाही.

संध्याकाळी अक्कांना विचारलं, झोपडीची ही जागा कशी निवडली? "पयला पाणी बघूचा. मगे शेजार. सावळी मागसून करता येता." मग माझ्याकडे रोखून — "तुज्या हराराक पाणी खंय?"

सहा पुस्तकं वाचली त्या देशावर. राजे पाठ, लढाया पाठ. पाणी माहीत नाही! शंकरने खिशातून भाईचं पत्र काढलं. शेवटी दोन ओळी होत्याच: हरारला बायका गाढवांवरून घागरी आणतात, दारात ओततात.

"म्हंजे रोज एक बायल दारात येतली. बरा."

"बोलणार कुठल्या भाषेत, आई?" शंकर हसला.

"घागर उतरूक भास कित्याक व्हयी रे?"

१५ डिसेंबर
दुपारी बाबू दिसेना. खाडी पन्नास पावलांवर. मी उठायच्या आत वीस ठिकाणांहून "बाबूऽऽ" सुरू झालं. तुळसाच्या झोपडीत तिच्या पोराच्या अंगावर पाय टाकून झोपला होता.

हरारमध्ये वीस हाका कुठून येणार, हे मीच मनात शंभरदा म्हटलं.

१६ डिसेंबर
परतायचा कौल झाला, घरी आलो. तुळसा पाटा मागायला आली — आमच्याकडे राहिलेला तिचा. पायरीखालीच उभी राहिली. मी म्हटलं, वर ये. आली नाही. अक्कांनी पाटा बाहेर नेऊन दिला. भिंती परत जागच्या जागी.

मी टाक घेतला. अदिस लिहिणार होते. तत्त्वासाठी पोराला पणाला लावायचं नाही, असं ठरवलं होतं. 'अ' लिहिला आणि टाक खाली ठेवला. उद्या टपाल आहे.

१७ डिसेंबर
सकाळी शंकरला म्हटलं, सातवा रकाना आधी भरू — सोबत येणारी माणसे. 'मुले दोन' लिहिलं. अक्का दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "माजा नाव घाल. तीन दिसांची पळण जल्मभर केलंय, तीन वर्सांची करूक काय झाला? बाबूक मी बघतंय. हरार लिव."

मी म्हटलं, अक्का, हे आधी का नाही बोललात?

"तू सगळ्या गावाक सांगत फिरलंस गो. माका इचारलंस खंय?"