आमची वीरश्री

१६ फेब्रुवारी, रविवार
रंजिताला घेऊन तो ऐतिहासिक पिक्चर पाहिला. धर्म सोड म्हणून बादशहा त्या वीराचे हाल हाल करतो, पण पठ्ठ्या मान झुकवत नाही. शेवटी अख्खं थिएटर उभं राहून घोषणा देत होतं. सर्वात मोठा आवाज माझा. रंजिताच्या मते सर्वात मोठी माझ्या नाकाची सूंसूं होती. असो. बायकोला वीरश्री कळत नाही.
संकल्प : यापुढे अन्याय सहन करायचा नाही. कोणाचाही.

१७ फेब्रुवारी
साहेबांनी दुसऱ्याची चूक माझ्या माथी मारली. रक्त उसळलं. सॉरी सर म्हणालो. गनिमी कावा.

१८ फेब्रुवारी
इतिहासाचा जाडजूड ग्रंथ आणला. प्रस्तावना फारच लांब. व्हॉट्सअ‍ॅपवर तेच थोडक्यात मिळतं. शाळेच्या ग्रुपवर टाकलं : जागे व्हा, शत्रू आपल्यातच आहे!
ताहेरने लगेच विचारलं, कोण रे? नाव सांग, मीपण जागा राहतो.
दहावीपर्यंत एका बाकावर बसलेला माणूस. काय लिहिणार? नेटवर्क गेलं म्हणून कळवलं. नेटवर्कवरूनच.

२० फेब्रुवारी
संध्याकाळी ताहेर घड्याळाचं दुकान बंद करून थेट खांदा कॉलनीत आमच्याकडे. थंडपणे वागायचं ठरवलं होतं. पण कुलसुमवहिनींनी डबाभर गोड सांदण पाठवलेलं. थंडपणा राहूनच गेला.
त्यालाही तो पिक्चर बघायचाय. वहिनी नको म्हणतात. मागे असल्याच एका पिक्चरला दिवे लागल्यावर लोक वळून यांच्याकडेच बघायला लागले. म्हणाला, जसं काय मीच तो बादशहा, यार! आमचे आजोबा उरणला होड्या दुरुस्त करायचे.
हसला. मीही हसलो.
तू येशील काय सोबत, म्हणाला. म्हटलं, मी असताना कोणाची बिशाद आहे!

२३ फेब्रुवारी, रविवार
गेलो. वीराची आई त्याला शेवटचं भेटते तिथे ताहेर ढसाढसा रडला. रुमाल मागितला. माझा मीच वापरत होतो.
शेवटी सगळे उठले. घोषणा सुरू. ताहेर तोंड ओंजळीत धरून बसलेला. मागून एकजण ओरडला, ए, बसलायस काय? ऊठ! दे घोषणा!
आजूबाजूच्या माना वळल्या. मला त्या ओरडणाऱ्याला सांगायचं होतं, हा माझा मित्र आहे, रडतोय, दिसत नाही का? वाक्य तयार होतं. आवाजही लावला होता.
ताहेरने माझ्याकडे पाहिलं.
मी खाली वाकून बुटाची लेस बांधायला लागलो.
पायात चपला होत्या.