उघाडीवर कोण होतं

बा,

आज शाळा सुटल्यावर थोरला काका गावाहून पनवेलला आला. तुझा सख्खा भाऊ, पण खोलीत येईना, उंबऱ्यातच बसला. म्हणाला, "पोरी, बांध फुटला तवा उघाडीवर तुजा बा नवता. मी व्हतो." हातातला चहा मी कुठे ठेवला, आठवत नाही.

तो दिवस मात्र लख्ख दिसतो. खाडीचं पाणी भातात शिरतंय, सगळा गाव टोपल्या घेऊन बांधावर उभा आहे आणि चिखलाला कोणी हात लावत नाही. आपली रीतच तशी. उघाडीची, म्हणजे बांधातल्या दाराची, पाणी अडवायची फळी कोणाकडून उघडी राहिली, ते त्याने कबूल केल्याशिवाय पहिली टोपली उचलायची नाही. राखणीची पाळी आपल्या घरची. एक म्हातारा ओरडतो, "बोला रं! भरती काय तुमच्यासाठी थांबनार हाय?" आणि तू म्हणतोस, "कबूल. मीच व्हतो."

काका आज सांगत होता, "मी भ्यालो, गप रायलो. नंतर तुजा बा मनला, पानी आत येत व्हतं, कोनीतरी बोलाया पायजे व्हतं." एवढंच? एवढ्यासाठी?

विहिरीवर बायका मला 'बांधबुडव्याची पोर' म्हणायच्या. म्हणून मी शिकले, म्हणून इतकी जपून वागते की शाळेचा उरलेला खडूसुद्धा घरी येऊ देत नाही. तुझ्या हातून झालेलं माझ्या हातून होऊ नये, हीच धास्ती. वर्गात 'कबूल करणे'चा वाक्यात उपयोग सांगताना फळ्यावर दर वर्षी लिहिते, 'त्याने आपली चूक कबूल केली.' दुसऱ्याची चूकही कबूल करता येते, हे मला कोणी शिकवलं नाही. तूसुद्धा नाही. मरेपर्यंत नाही.

"आता गावकीत सांगू का?" काकाने विचारलं. "तुजा बा नको मनला असता. तू सांगशील तसं." या वयात गाव त्याला काय काय बोलेल, ते मला चांगलं ठाऊक आहे. मी ते ऐकतच वाढले.

मी म्हटलं, "सांग, काका. सगळ्यांसमोर सांग."

हे तुझ्यापर्यंत पोचायचं नाही. पण पोचण्यासारखं असतं, तरी मी आधी त्याला हो म्हटलं असतं आणि मगच तुला लिहायला बसले असते.