यादीत नसलेला उतार

प्रिय धाकट्या,

खुशाली विचारतोस, तर मी बरी आहे. आईचं पुढे सांगते. आधी तुझं कौतुक करून टाकते, नाहीतर नंतर जीभ वळायची नाही. ते ऑनलाइन पोर्टल काढून परवानग्यांचं जंजाळ तू खरंच कमी केलंस. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला नवा परवाना घरबसल्या मिळाला, कुणाचे हात ओले करावे लागले नाहीत. मी दिसले की तो तुझं नाव काढतो आणि मी मान डोलावते. दुसरं करणार काय?

लहानपणीसुद्धा तुला आवराआवरीचा भारी सोस. एका सुट्टीत तू आईचं कपाट लावलंस आणि ज्या वस्तूला खण सापडला नाही ती सरळ कचऱ्यात टाकलीस, तिच्या शिवणयंत्राची सुटी चाकीसुद्धा. मशीन बंद पडलं, पण आई रागावली नाही. उलट शेजारीपाजारी सांगत सुटली, पोरगा किती नीटनेटका म्हणून. तुझं काही चुकतं हे तिला कधी दिसलंच नाही रे.

तर आता आईचं. गुडघे गेल्यापासून ती चाकाच्या खुर्चीत आहे, एवढं तुला ठाऊक आहे. दारातल्या पायऱ्या थेट फुटपाथवर उतरतात. एकदा शेजाऱ्यांनी तिला खुर्चीसकट उचललं, खुर्ची कलंडली, आणि तेव्हापासून ती कुणाला हात लावू देत नाही. म्हणून पायऱ्यांवर उतार बांधायचं ठरवलं. त्याचं टोक फुटपाथवर येणार, म्हणजे नगरपालिकेची परवानगी हवी. पूर्वी तिथला माणूस टेप घेऊन बघायला यायचा. खेटे घालायला लावायचा, पण यायचा. आता सगळं तुझ्या पोर्टलवर. कामाचा प्रकार निवडा: पाटी, छप्पर, गटारजोडणी, दुकानाचा ओटा. उतार कुठेच नाही. ओटा निवडला तर दुकानाचा परवाना मागितला. शेवटी मदत केंद्राला फोन केला. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "ताई, यादीत नाही म्हणजे परवानगी लागत नाही." मी बावळट, विश्वास ठेवला आणि गवंड्याला बोलावलं.

उतार झाला त्या संध्याकाळी आई कोपऱ्यापर्यंत जाऊन आली. औषधवाल्याशी गोळ्यांच्या भावावरून यथेच्छ भांडली, आणि येताना म्हणाली की उद्या बागेपर्यंत जाऊ. बाग राहिली. दुसऱ्याच दिवशी सकाळी अतिक्रमणवाले हातोडे घेऊन दारात. मी यादीचं सांगितलं, त्या मुलीचं सांगितलं. मुकादम म्हणाला, "यादीत नाही म्हणजे परवानगी मिळूच शकत नाही." आई खिडकीशी बसून फोडाफोडी बघत होती. मला म्हणाली, हुज्जत घालू नकोस, त्यांना वरून हुकूम असतात.

तेव्हाच मी तुला फोन केला होता, आठवतं? पुरतं ऐकून न घेता म्हणालास, घरच्यांसाठी वेगळी सोय नाही, पोर्टलवर टाक. वेगळी कोण मागत होतं? मग रविवारी तुझी मुलाखत वाचली. कामांच्या यादीतला 'इतर' हा पर्याय तू काढून टाकलास, कारण सगळी दिरंगाई त्याच्याआड लपायची, असं अभिमानानं सांगितलंयस. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अरे शहाण्या, आम्ही त्या 'इतर'मध्येच बसत होतो. ज्याचं काम तुझ्या डोक्यात आलं नाही, त्यानं जायचं कुठे?

काल तुझा निरोप आला. या कामगिरीसाठी तुझा सत्कार आहे, आई पहिल्या रांगेत हवी, गाडी पाठवतोस. तिनं तो मला पुन्हा पुन्हा वाचायला लावला. ठेवणीतली शाल काढून मांडीवर घेतली, बराच वेळ तिच्यावरून हात फिरवला आणि घडी मोडू न देता परत ठेवायला सांगितली. म्हणाली, "त्याला कळव, मला बरं नाही. पायऱ्यांचं लिहू नकोस. त्याचा दिवस आहे." म्हणूनच हे सगळं लिहिलं. तिला काहीही झालेलं नाही, ठणठणीत आहे ती. गाडी तेवढी पाठवू नकोस. ती दारात उभी राहील आणि आई खिडकीतून तिच्याकडे बघत बसेल.

तुझीच,
ताई