न म्हणायचं वाक्य

बाई, तुमच्याशी माझा एक वाद राहून गेला आहे. तुम्ही गेल्याला आता इतकी वर्षं झाली, की प्रशिक्षणाला येणारी नवी मुलं तुम्हाला फक्त भिंतीवरच्या फोटोतून ओळखतात. त्यांना मी शिकवतो. हसू नका. बारावी अर्धवट सोडलेला माणूस समुपदेशन शिकवतो आणि पदवी घेतलेल्या मुली ते उतरवून घेतात. तुम्ही मला कामावर घेतलंत ते माझं अक्षर बरं आणि शुद्धलेखन बिनचूक म्हणून. गावोगाव फिरून आल्यावर अहवाल लिहायला कुणीतरी हवं होतं. मारेगावच्या तुमच्या भाड्याच्या खोलीत, ओट्यापाशी उभ्या राहून तुम्ही ते वाचायच्या. एकदा जवसाची चटणी कुटता कुटता म्हणालात, "किती शुद्ध लिहितोस रे. इतकं शुद्ध, की यात तो माणूस कुठे आहे तेच सापडत नाही." मी त्या दिवशी जेवलो नाही. तुम्ही माझं ताट झाकून ठेवलंत, पण समजूत काढली नाही. समजूत न काढणं हा तुमचा स्वभाव होता की तुमचं शास्त्र, हे मला अजून ठरवता येत नाही.

त्या वर्षी कापूस डोक्याच्या वर गेला होता आणि बोंडअळीच्या भीतीनं लोक मिळेल ते औषध मिळेल त्यात मिसळून मारत होते. फवारणी करणारे मजूर दवाखान्यात भरती होत होते. काही परत आले नाहीत. त्यांच्या घरी आपण जातच होतो. पण वणीच्या रस्त्यावर फवारणीचे पंप दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीचाचांकडे जायचं आपल्याला सुचलं नव्हतं. त्यांची बायको आपल्याकडे आली. नवरा दुकान उघडतो, पण आत अंधारात बसून राहतो, जेवत नाही, गिऱ्हाईक आलं तर तोंड फिरवतो. दुकानात औषधाचे उरलेसुरले डबे होते ते तिनं शेजाऱ्याकडे नेऊन लपवले होते. तांड्यावरच्या ज्या पोरानं चाचांकडून पंप नीट करून नेला, तो दोन-तीन दिवस फवारणी करून मेला होता. कापसाची पऱ्हाटी उंच झाली, तुषार वरपर्यंत जात नाही, म्हणून चाचांनी त्याच्या सांगण्यावरून पंपाच्या तोंडाचं नोझल बदलून दिलं होतं. फवारा धुक्यासारखा बारीक झाला होता, श्वासातून आत जाण्याइतका. "त्याईच्या डोक्यातून हे तेवढं काढून टाका," ती म्हणाली, "बाकी मले काही नको."

काढून टाकायची पद्धत मला नुकतीच शिकवली होती. आठवतं ना, शहरातून ते तरुण डॉक्टर यायचे. माणूस स्वतःला दोष देतो तो एक विचार असतो, तो पुराव्यानं तपासायचा, बाजूनं काय आणि विरुद्ध काय, म्हणजे तो आपोआप हलका होतो, असं ते शिकवायचे. मला ती पद्धत फार आवडली होती. तिला सुरुवात होती, शेवट होता, आणि मध्ये मला घाबरायला जागा नव्हती. मी चाचांसमोर बसलो आणि एकेक मुद्दा मांडला. ऊन फार होतं. तोंडाला नुसता रुमाल होता. दोन औषधं एकत्र केली होती. पोरगा उपाशीपोटी गेला होता. चाचा प्रत्येक मुद्द्याला मान हलवत होते, एखाद्या लहान मुलाचा पाढा ऐकावा तसे. मग म्हणाले, "हे सगळं बराबर हाये बेटा. पण नोझल तं मीच बदललं ना?" आणि उठून आत गेले. त्यानंतर त्यांनी बायकोशीही बोलणं सोडलं.

मग तुम्ही आलात. मी तुम्हाला गाडीवर मागे बसवून घेऊन जातो आहे, आणि वाटभर मला वाटतं आहे की आता तुम्ही काही जादूचं बोलाल. तुम्ही तर दुकानातल्या बाकावर बसून पंपाबद्दलच विचारायला लागलात. हे कुठे बसतं, दाब कशानं वाढतो, बारीक आणि जाड फवाऱ्यात फरक काय. चाचा उत्तरं देऊ लागले, आधी एकेका शब्दात, मग हातात नोझल घेऊन. सांगता सांगता त्यांचा हात थांबला. तुम्ही साध्या आवाजात विचारलंत, "जीव द्यावासा वाटतो का?" "वाटते," ते म्हणाले, "सकाळी उठलो का पयले तेच वाटते." तुम्ही ते नीट ऐकून घेतलंत. दवाखान्यात जायचं, गोळ्या घ्यायच्या, एकटं राहायचं नाही, हे सगळं त्यांच्याशी आणि बायकोशी ठरवून घेतलंत. मला वाटलं, झालं. तेव्हा तुम्ही म्हणालात, "तुमची काही चूक नाही, असं मी म्हणणार नाही चाचा. सगळं तुमच्यामुळे झालं नाही. पण काहीतरी तुमच्या हातून झालं असेल." त्यांनी मान वर केली. पोरगा गेल्यापासून ते रडले नव्हते, ते त्या वाक्याला रडले.

परत येताना मी तुमच्याशी भांडलो. इतकी वर्षं झाली, पण वाऱ्यात मान मागे वळवून केलेलं ते भांडण मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणालो, पुस्तकात असं नाही. तुम्ही म्हणालात, पुस्तकंही एकमेकांशी भांडतात, तू एकच वाचलं आहेस. मी विचारलं, आज रात्री त्यांना काही झालं तर? तुम्ही म्हणालात, "तर ते माझ्यावर. पण ज्याला खरं टोचतंय त्याला आपण 'काही नाही टोचत' म्हटलं, तर तो एकटा पडतो. तू त्याला एकटं पाडून आला होतास." हे लागलं. तरी पटलं नाही. पुढचे कितीतरी दिवस मी काहीतरी निमित्त काढून त्या दुकानावरून जात होतो. एक दिवस गाडीचा ब्रेक लागत नाही म्हणालो, तर चाचांनी तो दाबून पाहिला आणि म्हणाले, "ब्रेक तुझा चांगला हाये. मी जित्ता हावो का मेलो, हे पाहाले येऊन राह्यला ना तू? बस. चहा पी."

मग त्यांनीच पोराच्या आईकडे जायचं काढलं. शहरातले ते डॉक्टर म्हणाले, नको, दोघांनाही जखम होईल. तुम्ही म्हणालात, जायचं की नाही ते चाचा ठरवतील, आणि भेटायचं की नाही ते ती ठरवेल. तिनं निरोप दिला, या. तांड्यावर आपण तिघं गेलो. माणसं जमली, कुणी बसा म्हटलं नाही. चाचांनी उभ्यानंच सांगून टाकलं की नोझल मी बदललं होतं. मला वाटलं, आता पोराची आई ओरडेल. तिनं विचारलं, "तवा तो काय बोलला तुमच्याशी?" चाचांना प्रश्न कळलाच नाही. तिनं पुन्हा विचारलं. तेव्हा ते सांगू लागले. बाकावर बसला होता, चहात बिस्कीट बुडवताना अर्धं तुटून पडलं तर स्वतःलाच हसला, यंदा बहिणीला पैंजण घ्यायचे म्हणाला, माझी चेष्टा केली, चाचा तुमचा चष्मा पंपापेक्षा जुना हाये म्हणून. ती ऐकत होती. मध्येच एकदा म्हणाली, बिस्कीट त्याले लहानपणापासून आवडे. माफ केलं असं ती म्हणाली नाही. निघताना तिनं चाचांना विचारलं, अजून काही आठवलं तर सांगायला याल का. ते जात राहिले. आजही जातात. दुकान चालू आहे. फवारा बारीक करून मागणाऱ्याला ते परत पाठवतात, आणि वर्षातले काही दिवस अजून आत अंधारात बसतात. पण आहेत.

हे सगळं मी मुलांना शिकवतो, तुमचं नाव घेऊन. दोषाखाली दबलेल्या माणसाला घाईनं मोकळं करू नका, 'तुमची चूक नाही' हे वाक्य तुमच्या सोयीचं असतं, त्याच्या नाही, असं सांगतो. एखादी मुलगी विचारते, नेहमीच का सर? मी म्हणतो, नेहमीच.

नागपूरच्या दवाखान्यातला दिवस मी त्यांना सांगत नाही. तुमचे केस गेले होते, डोक्याला तुम्ही सुती ओढणी बांधली होती. तुम्ही मला खुर्ची जवळ ओढायला सांगितलंत आणि पुसदच्या कॉलेजात शिकवत असतानाच्या एका विद्यार्थिनीचं सांगितलंत. एका संध्याकाळी ती तुमच्या दारात आली होती. घरात पाहुणे होते. तुम्ही तिला उद्या ये म्हणालात. ती उद्या नव्हती. मला इतक्या वर्षांत हे माहीत नव्हतं. पांघरुणाची कड हातात घेऊन तुम्ही विचारलंत, "मी तिला आत घेतलं असतं तर?"

काय म्हणायचं ते मला पाठ होतं. तुम्हीच घोटवून घेतलं होतंत, आणि तुम्ही माझ्याकडे त्याच अपेक्षेनं बघत होतात. मी म्हणालो, "बाई, तुमची काही चूक नव्हती."

तुम्ही डोळे मिटलेत. "वाया गेलास," म्हणालात. पण माझा हात सोडला नाहीत, आणि काही वेळानं तुमचा श्वास संथ झाला. ती झोप सलाईनमधल्या औषधाची होती की नाही, ते मी नर्सला विचारलं नाही. हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढं लिहितो आहे. तुमचं बरोबर होतं, हे मी चाचांमुळे मानतो. तरी आज पुन्हा तशीच खुर्ची ओढायला लावून तुम्ही मला तेच विचारलंत, तर बाई, मी तेच म्हणेन.